खिशाच्या साच्यावरचा पांढरा ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी गाठ आहे. दचकलात ना? सगळेच दचकतात. गाठ म्हटलं की माणसं आधी खुर्ची शोधतात आणि मग डॉक्टर. पण जरा दमानं घ्या. एका शिंपीणबाईच्या उजव्या फुप्फुसात, खालच्या अंगाला, बरगड्यांना खेटून मी राहते. वाटाण्याएवढी आहे आणि अंगानं खडूसारखी टणक आहे. माझ्या शेजारची बरगडी टोकाशी दुभंगलेली आहे, चिमट्यासारखी. पत्ता शोधायला तेवढी खूण पुरे.

माझं वय एकेचाळीस वर्षं. एवढ्या वर्षांत मी जागा सोडली नाही, रजा घेतली नाही, आणि ज्यांना कोंडून ठेवायचं काम माझ्याकडे होतं त्यांतल्या एकालाही बाहेर जाऊ दिलं नाही. आपली स्तुती आपण करू नये हे मलाही कळतं. पण माझी स्तुती करायला दुसरं कोणी आत येऊच शकत नाही, तेव्हा नाइलाज आहे.

मला डोळे नाहीत. कान मात्र तिखट आहेत. छातीत राहणाऱ्याला सगळं ऐकू येतं. माणूस तोंडानं काय बोलतो तेही, आणि बोलण्याआधी श्वास कुठे अडखळतो तेही.

माझा जन्म झाला तेव्हा आमची बाई पंधरा वर्षांची होती आणि मामाच्या शर्टांच्या दुकानात शिवण शिकत होती. दुकान म्हणजे एक खोली. त्यात दोन शिलाई यंत्रं, कापायचं लांब टेबल आणि एक खिडकी, तीही कायम बंद. कारण विचाराल तर मामा म्हणायचा, "वारा आला की कापड हलतं. कापड हललं की खडूची रेघ चळते. रेघ चळली की गिऱ्हाईक चळतं." रेघ सरळ राहिली, मित्रांनो. पण मामाला खोकला होता, आणि बंद खोलीतला खोकला कुठे जाणार? समोरच्या यंत्रावर बसलेल्या भाचीच्या श्वासात गेला. त्या खोकल्याबरोबर क्षयाचे जंतू तिच्या फुप्फुसात उतरले.

फुप्फुसात पहाऱ्याला भक्षक पेशी असतात. हवेतून येईल ते गिळायचं, हे त्यांचं काम. धूळ आली, गिळली. कापडाचा तंतू आला, गिळला. त्याच झपाट्यात त्यांनी हे जंतूही गिळले आणि ऐटीत बसल्या. पण क्षयाचा जंतू म्हणजे मेणकापडात गुंडाळलेला पाहुणा. तो पचत नाही. उलट गिळणाऱ्याच्याच पोटात पथारी पसरतो आणि एकाचे दोन, दोनाचे चार होतो. पहारेकऱ्यांच्या पोटात चोरांची वस्ती झाली, आणि पहारेकरी बाहेर सांगत होते, सगळं ठीक आहे.

ती बातमी छातीच्या मधल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचायला आठवडे लागले. सरकारी कागद बरा, असा तो कारभार. पण तिथून शिकूनसवरून ज्या पेशी निघाल्या, त्या कामाच्या निघाल्या. आल्या आल्या त्यांनी भक्षक पेशींना हलवून जागं केलं. "अगं, गिळलंत ना? मग पचवा! आणि जे पचत नाही त्याला घेरा. जागा सोडू नका." जागा सोडू नका, हा निरोप एकीकडून दुसरीकडे जात राहिला. पेशी एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, थरावर थर बसले, बाहेरून चिवट धाग्यांचं कुंपण पडलं. आत जंतूंची अन्नहवा तुटली. काही मेले, काही निपचित झोपले. तो सगळा वेढा म्हणजे मी. पुढे वर्षभरात माझ्यात चुना भरत गेला आणि मी पक्की झाले.

पण माझ्या अभिमानाचं खरं कारण वेगळंच आहे. आमच्या पेशी वेळेवर थांबल्या. जंतू कोंडले गेल्यावर त्यांनी मारामारी आवरती घेतली. आजूबाजूच्या फुप्फुसाला ओरखडा नाही. बाईला दोन आठवडे बारीक ताप आला, तिच्या आईनं तो दगदगीवर ढकलला, आणि गोष्ट मिटली.

मामाच्या छातीत तसं झालं नाही. जंतू तोच. खोली तीच. पण तिथल्या पेशींना आवर राहिला नाही. लढाई पेटली, मागून आणखी फौजा आल्या, त्यांनी जंतूंवर सोडायचा दाहक रस घरावरच सोडला. आतलं मांस विरघळलं, वेढा फुटला आणि उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात चांगली लिंबाएवढी पोकळी पडली. त्या पोकळीत हवा मिळाल्यावर जंतूंचं तर फावलंच. तिथूनच तो खोकला येत होता. समोरच्या यंत्रावरून मी तो दोन वर्षं ऐकला. आधी मामा खोकायचा, मग यंत्र थांबायचं, मग पुन्हा यंत्र. तो मध्येच औषध घ्यायचा, बरं वाटलं की सोडायचा. आग्रह केला तर म्हणायचा, "अरे, खोकला आहे, सासरा नाही. जाईल आपणहून."

शेवटी थुंकीत रक्त आलं तेव्हा तो हबकला आणि त्यानं नेटानं औषध पुरं केलं. जंतू गेले. पोकळीचा व्रण राहिला, आणि जिना चढताना लागणारी धाप राहिली.

तेव्हा दवाखान्यातून घरातल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढायला बोलावलं. बाई सतरा वर्षांची होती. तिथल्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि तिच्या आईला सांगितलं, "मुलीच्या छातीत एक डाग आहे, पण बसलेला आहे. मुलगी ठणठणीत आहे. फोटो मात्र जपून ठेवा."

माझं आयुष्यातलं पहिलं प्रशस्तिपत्र ते! आणि बाईनं ते ऐकलंच नाही, कारण ती बाहेर बाकावर बसली होती. आईनं तिला पत्ता लागू दिला नाही; यंत्रापुढे उभं केलं ते उंची-वजनासाठी, आणि मामाला दमा होता, एवढंच तिला पढवलं. घरी आल्यावर लेकीला तिनं पाण्याला पाठवलं आणि धाकट्या भावाला बजावलं, "पोरीचं लग्न व्हायचंय. तुला दमा होता, आणि तिचा फोटो कधी काढलाच नाही. कोणी विचारलं तर एवढंच. आण इकडे, जाळून टाकते."

"जाळू नकोस, ताई. घाणेरडा धूर होईल, आणि मग शेजारी विचारतील तो कसला. दे मला."

बाईचा श्वास तेव्हा विहिरीवर होता आणि त्याबरोबर मीही. हे सगळं मला फार उशिरा, मामाच्या तोंडून कळलं. ते पुढे येईलच.

मामानं काय केलं ऐका. शर्टाचा खिसा कापायला साचा लागतो. पुठ्ठ्याच्या साच्याची धार वर्षभरात मरते, खडू त्यावर अडखळतो. एक्स-रेची फिल्म मात्र पातळ असून ताठ, वाकेल पण मोडणार नाही. आणि तिच्या कोपऱ्याला कारखान्यातूनच गोलाई दिलेली असते, अगदी शर्टाच्या खिशाला शोभेल अशी. मामातला शिंपी मामातल्या भावावर मात करून गेला. खालचा तो आयता कोपरा धरून त्यानं खिशाचा साचा कापला, उरलेल्या फिल्मचे बाह्यांच्या कफांसाठी आणि पट्ट्यांसाठी साचे केले. भाचीनं विचारलं तेव्हा म्हणाला, "माझा फोटो आहे. आता मी बरा झालो, तो कामाला लागला."

अशा रीतीनं माझं चित्र दुकानाच्या खिळ्यावर टांगलं गेलं. काळसर फिल्म, त्यावर बरगड्यांचे फिकट पट्टे, एका बरगडीला चिमटा आणि चिमट्याशेजारी पांढरा ठिपका. बाईनं खिशावर बटण कुठे यावं याची खूण म्हणून तो ठिपका धरला. सोयीचा होता. एकोणचाळीस वर्षं तिनं मला समोर ठेवून खिसे कापले आणि मी तिच्या आत बसून कात्रीचा कचकच आवाज ऐकत राहिले. शहरातल्या कितीतरी शर्टांवर बटण तिथे आहे, जिथे मी आहे. हे सांगताना माझी छाती फुगते. म्हणजे, बाईची फुगते, मी आपली आत.

बाईचं लग्न झालं, मुलगा झाला, सून आली. मामाचं दुकान तिच्याकडे आलं. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणू लागली. शिवायची तशी बोलायची, टाका बारीक आणि घट्ट. ट्रायलला पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गृहस्थांना ती म्हणायची, "श्वास सोडा साहेब. शर्ट तुम्हाला घालायचाय, मी फोटो काढत नाहीये." मामा आता अठ्ठ्याहत्तरचा. कोपऱ्यात स्टुलावर बसून बटणं लावतो आणि सगळ्यांच्या चुका काढतो.

आणि मग बाईची बोटं सुजू लागली. सकाळी उठली की मूठ वळेना. कात्रीच्या कड्यात अंगठा जाईना. सांध्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा वातच, पण साधा नव्हे. शरीराच्या पेशी विनाकारण सांध्यांवर तुटून पडतायत. हे ऐकून मला आमच्याच जातभाईंची लाज वाटली. जी फौज माझ्या दारात इतकी शहाण्यासारखी वागली, तिच्याच भाऊबंदांनी बोटांत दंगल घातली होती. गोळ्यांनी जमेना. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शन. त्यानं पेशींचा आपसातला निरोपच तुटेल आणि हात मोकळे होतील.

कुठला निरोप, ओळखलंत? जागा सोडू नका, हाच तो निरोप. सांध्यांत तो नको तिथे फिरत होता, पण माझ्या भिंती त्याच्याच जोरावर उभ्या होत्या. तो तुटला तर माझे थर सुटणार, झोपलेले जंतू जागे होणार, आणि छप्पन्नाव्या वर्षी बाईच्या छातीत तेच सुरू होणार जे मामाच्या छातीत झालं होतं. इंजेक्शन नाही घेतलं तर हात गेले. घेतलं तर मी गेले, आणि माझ्यामागून कदाचित तीही.

डॉक्टर चांगले होते. त्यांनी आधीच विचारलं, "घरात कोणाला टीबी?"

बाईचा श्वास एक क्षण अडला. आईची शिकवण चाळीस वर्षांची, ती तोंडात आधी आली. "नाही. मामाला दमा होता."

"तुमच्या छातीचा जुना एक्स-रे?"

"कधी काढलाच नाही." हे ती मनापासून म्हणाली.

मित्रांनो, मी आतून किती ओरडले असते! पण गाठीचा आवाज म्हणजे खोकला, आणि अब्रूदार गाठ खोकला आणत नाही.

नव्या फोटोत मी दिसले. तेव्हा तिला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला. "मावशी, इथे एक गाठ आहे. चुना आहे थोडा, पण कडा मला नीट दिसत नाही. जुनी असेल तर काळजी नाही. पण जुनी आहे याला पुरावा काय? नवी असली तर कसली, ते बघावं लागेल. सुईनं तुकडा काढू. तोवर इंजेक्शन थांबवा."

दुकानात परत आल्यावर बाई टेबलाशी बसून राहिली. सून खिसे कापत होती.

"आई, चहा गार झाला."

"गाठ आहे म्हणतात. सुई घालणार."

सुनेचा खडू थांबला. मामाच्या हातातलं बटण खाली पडून घरंगळत गेलं, ते मी ऐकलं.

"कुठे आहे गाठ?" मामानं विचारलं.

"उजवीकडे, खाली. बरगडीपाशी. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, एक बरगडी फुटलीय टोकाला. जन्मजात असते म्हणे कोणाकोणाला. जुना फोटो असता तर सुई टळली असती. आता कुठून आणू जुना फोटो?"

मामाचा श्वास तसाही लहान. तो आणखी लहान झाला. मग म्हणाला, "सूनबाई, हातातला साचा दे बरं तिला."

"हा? हा तर खिशाचा आहे."

"दे. पोरी, खिडकीच्या काचेला धर तो. काय दिसतं?"

"काय दिसायचंय? तुझ्या बरगड्या. चिमटा. बटणाचा ठिपका."

"माझ्या नाहीत गं."

बाईचं काळीज इतक्या जोरात धडधडलं की मला शेजारी बसवेना.

"तुझाच फोटो एकोणचाळीस वर्षं तुझ्या हातात देतोय मी," मामा म्हणाला. "ताईनं शपथ घातली होती, आणि मला ती बरी पडली. तुझ्या छातीत जे आहे ते माझ्या खोकल्यानं गेलंय. दमा नव्हता तो. तुला सांगायचं म्हणजे ते कबूल करायचं, आणि मी रोज उद्यावर ढकललं. खिडकीसुद्धा उघडली नाही कधी. रेघ चळू नये म्हणून."

बाईनं साचा काचेवरून खाली घेतला. "मामा, माझा फोटो कापलास तू?"

"कापला."

"आणि तोही खिशासाठी?"

"कोपरा आयता होता."

मग ती हसली की रडली, ते मला आतून सांगता येत नाही. दोन्हींत छाती सारखीच हलते. नंतर ती म्हणाली, "ऊठ. शर्ट बदल. डॉक्टरीणबाईंना हे तूच सांगणार आहेस. आणि सूनबाई, आधी ती खिडकी उघड."

तिघं गेली. साचा मामानं आपल्या शर्टाच्या खिशात घातला होता. साच्याला शिवणीची जागा धरलेली असते, त्यामुळे तो खिशातून वर डोकावत होता. वाटेत सुनेनं सांगितलं तेव्हा मी ओळखलं, आज मिरवणूक माझी आहे.

डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला हात लावला. "एक्स-रेचा खिसा केलात आजोबा?" मग तो तुकडा दिव्याच्या काचेवर नव्या फोटोशेजारी लावला. कोपऱ्यातली तारीख वाचली. नाव कापताना गेलं होतं, पण तारीख आणि दवाखान्याचा नंबर शाबूत होता. मग पट्टी ठेवून मोजलं. "तीच दुभंगलेली बरगडी. तोच ठिपका, तीच जागा. एकोणचाळीस वर्षांत दोन मिलिमीटरसुद्धा वाढलेली नाही. सुई रद्द!"

बाईनं सोडलेला तो श्वास, मित्रांनो, माझ्या आठवणीतला सगळ्यात मोठा.

"पण मावशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फॉर्मवर तुम्ही घरात टीबी नाही म्हणालात. ते तसंच राहिलं असतं आणि इंजेक्शन घेतलं असतं तर ही भिंत सुटली असती. आता आधी आतल्या जंतूंना गोळ्या. महिनाभर त्या घेतल्या की इंजेक्शन सुरू. गोळ्या मात्र शेवटपर्यंत चालू ठेवायच्या."

"शेवटपर्यंत घेईल," मामा म्हणाला. "मी बसतो समोर."

"आजोबा, तुमचाही फोटो काढूया. पोकळी तुमच्याच पेशींनी पाडली बरं का, जंतूंशी भांडता भांडता. हिच्या पेशी भांडल्या आणि थांबल्या."

"म्हणजे माझा तापट स्वभाव आतसुद्धा?"

"स्वभावाचा काही संबंध नाही हो. तुमची चूकही नाही."

"चूक आहे," मामा म्हणाला. "खिडकीची."

डॉक्टरीणबाईंना तो तुकडा कागदपत्रांत ठेवून घ्यायचा होता. बाईनं हात पुढे केला. "त्याचा फोटो काढून ठेवा हवं तर. साचा मिळायचा नाही. याच मापावर आमची जुनी गिऱ्हाइकं आहेत."

पुढे सगळं ठरल्यासारखं झालं. गोळ्या माझ्या भिंतींतून आत झिरपल्या. मामा रोज समोर बसून गोळी गिळवतो आणि कॅलेंडरवर शिंप्याच्या खडूनं फुली मारतो. आत जे झोपले होते त्यांची हालचाल मला आता जाणवत नाही. काम संपत आलंय म्हणा ना. मी मात्र इथेच राहणार. पहारेकरी निवृत्त झाला म्हणून चौकी पाडत नाहीत.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातल्या दुखण्याला दुसरं नाव देऊन झाकू नका. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा, कारण तुमच्या छातीत कोणी इमानानं पहारा देत असेल तर त्याच्या बाजूनं बोलायला तुमच्याशिवाय कोणी नाही. जुने कागद, जुने फोटो सांभाळा. कापलेच तर निदान तारखेचा कोपरा सोडा. औषध बरं वाटलं म्हणून टाकू नका. आणि जिथे माणसं बसून काम करतात तिथली खिडकी उघडी ठेवा. रेघ थोडी चळली तरी चालेल.

आमच्या दुकानात आता ती उघडीच असते. तिसऱ्या इंजेक्शननंतर आज बाईचा अंगठा कात्रीच्या कड्यात गेला. तिनं खिळ्यावरचा साचा काढला, कापडावर ठेवला आणि खडू फिरवला. खिडकीतून वारा आला, कापड हललं.

"रेघ चळली गं," मामा स्टुलावरून ओरडला.

"चळू दे," बाई म्हणाली, आणि माझ्यावर बोट ठेवून तिनं बटणाची खूण केली.